त्रेसष्ट नंबरचं डोकं

उचगाव, ता. करवीर
९ डिसेंबर २०२४

राजनंदिनी सरनोबत मॅडम,
मीनाबाई अण्णासो कुरणे यांचा जयभीम.

ही बाई कोण म्हणाल, म्हणून आधी सांगतो. उचगावात आमची पिठाची गिरण हाय. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढचं गिरणीनं शिकवलं. तुमचा पत्ता तुमच्या 'डोकावा'तच शेवटी सापडला. खाली 'तक्रार असल्यास कळवा' असंही लिहिलंय. तक्रार हाय.

आमचे मालक अण्णासो बारा वर्षांमागं शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात डोक्याचा फोटो काढून आलते. आजारी न्हवते. पुण्याच्या कुठल्या संस्थेला धडधाकट माणसांची डोकी आतनं बघायची होती, म्हणून गावोगावची माणसं बोलावलती. जेवण होतं. अण्णासो आणि त्यांचा मैतर गुंडू चौगुले जेवणासाठी गेले. अण्णासोंना जाऊन आता पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात पेपरात आलं की ती सगळी डोकी आता लोकांसाठी खुली केल्यात, आणि ती बघायला 'डोकावा' नावाचं सॉफ्टवेअर फुकट हाय, कुणीही घ्या, कुणीही सुधारा. माझी पोरगी संघप्रिया शाहूपुरीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसती. तिनं ते घरच्या लॅपटॉपवर घातलं.

उघडलं तर शंभरावर डोकी, आणि एकालाबी तोंड न्हाय. कपाळापास्नं खाली विळीनं चिरल्यागत सपाट. नाक न्हाय, ओठ न्हाय, हनुवटी न्हाय. आत मेंदू मातर जागच्या जागी. मला वाटलं डाऊनलोड अर्धवट झालं असंल. संघप्रिया म्हणाली, पूर्ण झालंय. मग तोंडं कुणी नेली?

मला तोंडच पायजे. फेब्रुवारीत संघप्रियाचं लग्न हाय. आमच्या भावकीत पोरीचा बाप हयात नसला तर मंडपात त्याच्या नावाची खुर्ची ठेवत्यात. खुर्चीवर फोटो, आणि प्रतिज्ञा घ्यायच्या आधी नवरा-नवरी त्याला फुलं वाहत्यात. आमच्या घरात अण्णासोंचा एकबी फोटो धड न्हाय. माणूस बोलायचा थांबायचाच न्हाय. फोटोवाला 'गप ऱ्हावा' म्हणला की त्यालाच गोष्ट सांगायला सुरू. लग्नातल्या फोटोत माझ्या शेजारी नुसता धूर उभा हाय. आधार कार्डावर दोन तोंडं आल्यात, आणि दोन्ही उघडी.

शाहूपुरीचं मशिन एवढं भारी, त्यात तरी चेहरा नीट आला असंल. तर तोंड जिथं काढून ठेवलं असंल तिथनं पोस्टानं पाठवून द्या. लग्नाच्या आधी पोचंल असं बघा.

मीनाबाई कुरणे

*

पुणे
१७ डिसेंबर २०२४

आदरणीय मीनाबाई,
स. न.

आपले पत्र मिळाले. 'डोकावा'ला पोस्टाने आलेले हे पहिलेच पत्र. पत्ता केवळ नियमापुरता दिला होता.

चेहरे हरवलेले नाहीत, ते मुद्दाम काढलेले आहेत. मेंदूच्या अशा प्रतिमेत डोक्याची बाहेरची बाजूही येते आणि तिच्यावरून माणूस ओळखता येतो. ज्यांनी विश्वासाने आपले डोके तपासू दिले त्यांना कोणी ओळखू नये, म्हणून संग्रह खुला करण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसला जातो. नावे काढून नुसते क्रमांक ठेवतात. कोणता क्रमांक कोणाचा ही नोंद आणि मूळ प्रतिमा, दोन्ही संस्थेने नष्ट केल्या आणि उरलेला संग्रह आमच्याकडे सांभाळायला दिला. म्हणजे श्री. अण्णासो यांचा चेहरा आता कुठेच ठेवलेला नाही. पाठवणे शक्य नाही, याचे वाईट वाटते.

आपण स्वतः सगळ्या प्रतिमा पाहिल्यात तरी त्यांना ओळखू शकणार नाही. तेच आमच्या कामाचे यश आहे.

'डोकावा' वापरण्याचा आपला अनुभव एक ते पाच ताऱ्यांत कळवल्यास आभारी राहीन.

आपली,
राजनंदिनी सरनोबत

*

उचगाव
२३ डिसेंबर २०२४

मॅडम, जयभीम.

तारे राहू द्यात. मी माझ्या नवऱ्याला ओळखणार न्हाय, आणि ते तुमचं यश. अठ्ठावीस वर्षं त्या डोक्याला तेल लावलंय मी. तोंड न्हेलं तर न्हेलं, मागची बाजू हाय की.

काल आयतवार, गिरण दुपारपर्यंतच. लॅपटॉप टीव्हीला जोडला. गुंडूला बोलावलं तर म्हणाला, उसाला तोड आलीया, मला सवड न्हाय. त्याची बायको शालूबाई मातर पहिल्यांदा येऊन बसली. तिला गुंडूचं डोकं बघायचं होतं. म्हणाली, "जे आतनं मोकळं दिसंल ते आमचं."

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या बाळासोलाबी बोलावलं. अण्णासोंची कटिंग त्यानंच केलेली, मागनं डोकं त्याच्याइतकं कुणी बघितलं न्हाय. तो म्हणाला, "वहिनी, खुर्चीत बसलेल्या उंचीवर असल्याशिवाय मला सांगता येत न्हाय." टीव्ही उचलून खुर्चीवर ठेवला. मग म्हणाला, टॉवेल टाका. टॉवेल टाकला. संघप्रिया एकेक डोकं फिरवून दाखवाय लागली. नऊ नंबरला बाळासो उठून उभा राहिला. "हेच अण्णा. ह्यो खड्डा मी लाखात ओळखतो." खाली लिहिलेलं, स्त्री. बाळासो बसला. जरा वेळानं म्हणाला, "मग चाळीस." चाळीस बी बाईच निघाली. शालूबाई म्हणाली, "बाळासो, तुम्ही आजवर कापलं कुणाला?"

मग त्रेसष्ट नंबर आला. बाकी सगळी डोकी स्वच्छ, कडा धारदार. ह्या डोक्यात मातर विहिरीत दगड टाकल्यावर पाणी हलतं तशी वर्तुळंच वर्तुळं. एका कवटीच्या चार कवट्या झालेल्या. खाली लाल अक्षरात, 'हालचाल. दर्जा निकृष्ट.'

संघप्रिया म्हणाली, "आई, पप्पा."

बाळासोनं टॉवेल काढून घडी घातली.

तर मॅडम, ओळखला. तेवढं लेखी कळवा की त्रेसष्ट आमचा, म्हंजे फ्रेम करायला टाकतो.

मीनाबाई

*

पुणे
२ जानेवारी २०२५

आदरणीय मीनाबाई,

मला 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही'ही म्हणता येत नाही. नियम तसा आहे, आणि नियम नसता तरी मला ठाऊक नाही. मशिनमध्ये हलणारे पुष्कळ असतात. कोणाला खाज सुटते, कोणाला भीती वाटते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. फेब्रुवारीअखेर 'डोकावा'ची नवी आवृत्ती येते आहे. तिच्याबरोबर संग्रहाची साफसफाई होणार. ज्या प्रतिमा अभ्यासाला निरुपयोगी आहेत त्या वगळायच्या असे ठरले आहे. यादीत पहिला क्रमांक त्रेसष्टचा आहे. एकदा वगळला की तो कोठेच राहणार नाही.

म्हणून माझी नम्र विनंती, त्या क्रमांकात जीव गुंतवू नका.

आपली,
राजनंदिनी

*

उचगाव
८ जानेवारी २०२५

मॅडम,

वगळणार म्हंजे? एकदा गेलाय तो माणूस. पुन्हा कितींदा घालवायचा?

तुमच्याबद्दल पेपरात छापलंय, कुणीही सुधारा. मग ही माझी सुधारणा लिहून घ्या. त्रेसष्टला हात लावायचा न्हाय. कुणी शिकल्या-सवरल्यानं सुचवली तर सुधारणा, आणि मी सुचवली तर तक्रार, असं असंल तर तसं छापा.

निरुपयोगी म्हणताय. आमच्या गिरणीत कधी दगड नीट बसत न्हाय, पीठ जाडं पडतं. ते आम्ही गटारीत टाकत न्हाय. त्याची भाकरी थापत न्हाय, कण्या शिजवायच्या. जाड्या पिठाचं काय करायचं एवढं ज्याला कळत न्हाय त्यानं गिरण घालू नये.

आणि भीतीनं हलले असतील म्हणता. अण्णासो आणि भीती? घरी आल्यावर मला काय म्हणाले ते आजबी ध्यानात हाय. म्हणाले, "मीने, लई ठोकतंय मशिन. आपल्या गिरणीचा पट्टा ढिला झाल्यावर वाजतं तसंच. मी तिथं बोललोच, पट्टा ढिला हाय म्हणून." बोलले असणार. मशिनीत पडून बोलले, म्हणूनच डोकं हललंय. ह्याहून काय पुरावा पायजे?

सोबत चटणीचा डबा पाठवलाय. रागानं पाठवलाय, तरी खावा. भाकरीबरोबर बरी लागती.

मीनाबाई

*

पुणे
१६ जानेवारी २०२५

मीनाबाई, नमस्कार.

डबा पोचला. दोन दिवसांत संपला. आमचे प्रमुख उदयसिंह सर एरवी उकडलेल्या भाज्या खातात. ते डबा चमच्याने खरवडताना सापडले.

त्याच वेळी मी त्यांच्याकडे त्रेसष्टचा विषय काढला. ते म्हणाले, ठेवायला हरकत नाही, पण कारण लिहावे लागेल. एखादी प्रतिमा ठेवायची असेल तर तिचा कोणाला काय उपयोग हे मांडावे लागते, आणि जगभरातले जे लोक 'डोकावा' बांधतात त्यांना ते पटावे लागते. 'ती कोणाच्या तरी घरची आहे' हे कारण म्हणून धरत नाहीत. मी विचारून पाहिले.

म्हणून मी स्वतः त्रेसष्ट उघडून बसले. खरे सांगायचे तर चार वर्षे हे सॉफ्टवेअर सांभाळते आहे, पण एकाच डोक्याकडे इतका वेळ कधी पाहिले नव्हते. प्रतिमेबरोबर मशिन चालवणाऱ्याने लिहिलेली एक ओळ आहे. तीही सर्वांसाठी खुलीच आहे, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही: 'हसत होता. तीनदा सूचना दिली, तरी हसत होता.'

वाटले, हे तुम्हाला आवडेल. ते कोणीही असोत, त्या दिवशी ते घाबरले नव्हते. आनंदात होते.

मोठी छपाई काढायची असेल तर संघप्रियाला सांगा, वरच्या 'दृश्य' या यादीत 'छापा' आहे.

राजनंदिनी

*

उचगाव
२२ जानेवारी २०२५

पोरी,

मॅडम म्हणायचं सोडलं. वयानं लहान दिसतीस.

छपाई झाली. शिसवी फ्रेम केली. लग्न सोळा फेब्रुवारीला, दुपारी बाराला, पत्रिका सोबत हाय. नवरा मुलगा प्रसेनजीत, हातकणंगल्याचा, एसटीत हाय. तू यायचंस.

हसण्याचं वाचलं. त्याबद्दल आत्ता काय बोलत न्हाय.

मीनाबाई

*

पुणे
६ फेब्रुवारी २०२५

मीनामावशी,

यायला जमत नाही. नवी आवृत्ती अठ्ठावीसला बाहेर पडते आहे, आणि इथे सगळे कामात बुडाले आहेत. संघप्रियाला माझे आशीर्वाद म्हणावे तर मी तिच्याच वयाची, म्हणून शुभेच्छा सांगा.

त्रेसष्टसाठी मी लिहिलेले कारण दोनदा परत आले. एका गृहस्थाने विचारले, 'ही प्रतिमा काय दाखवते?' तुम्हाला काही सुचत असेल तर लवकर कळवा.

आणि हसण्याच्या ओळीने तुम्हाला दुखावले का? पत्र फार छोटे होते.

राजनंदिनी

*

उचगाव
१८ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी पोरी,

लग्न झालं. आता सगळं सांगतो, आणि घाईनं सांगतो, कारण तुझी तारीख जवळ आलीया.

तुझी ती ओळ वाचली तवाच शंका आलेली. अण्णासो जगाला हसवायचे, पण स्वतः कधी हसायचे न्हाईत. तोंड सुतक्यासारखं ठेवून बोलायचे, म्हणून तर लोक जास्त हसायचे. मशिनीत पडलेलं माणूस हसत होतं म्हंजे ते माणूस अण्णासो कसं? पण फ्रेम टाकलेली, पोरगी खूश, खुर्ची रिकामी कशी ठेवायची? मी गप बसलो. मी गप बसलो म्हटल्यावर काय ते समज.

मंडपात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची मांडली, खुर्चीवर फ्रेम, फ्रेमला निशिगंधाचा हार. लांबनं बघणाऱ्याला फ्लॉवरचा गड्डा वाटत होता. व्याही जवळ येऊन म्हणाले, "पावणं भाजीचा व्यापार करायचे काय?" मी म्हटलं, "न्हाय, गिरण. हे त्यांचं डोकं हाय, आतनं." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, हात जोडले. म्हणाले, "तब्येतीनं चांगले होते." प्रसेनजीतच्या आत्यानं विचारलं, पाया कुठल्या बाजूनं पडायचं. मी म्हटलं, जिथनं पडशील तिथनं मागचीच बाजू हाय.

सगळी रांगेनं फुलं वाहत होती. गुंडूची पाळी आली. तो फ्रेमकडं बघत उभा राहिला आणि त्याचे खांदे हलाय लागले. मला वाटलं, मैतराच्या आठवणीनं रडतोय. तोंड वर केलं तर हसत होता.

"वहिनी," म्हणाला, "हे मी हाय."

शालूबाई म्हणाली, "खुळ्यागत करू नगा. मेलेल्या माणसाची खुर्ची हाय ती."

"अगं, माझंच डोस्कं हाय. सांगाय पायजे होतं, पण वहिनीला ते आवडलंय म्हणून तू म्हणालीस, मग धीर झाला न्हाय."

मग त्यानं सांगितलं. शाहूपुरीत आधी त्याला मशिनीत घातलं. मशिन चालवणारा पलीकडच्या खोलीत काचेमागं, आत बोलायला त्याच्यापुढं माईक. तो जरा उठला की अण्णासो माईकवर. आत मशिन ठोकतंय, हालायचं न्हाय म्हणून बजावलेलं, आणि कानात अण्णासोंचा आवाज, "गुंड्या, पट्टा ढिला हाय. डोकं जरा पुढं सरकव, न्हायतर पीठ जाडं पडंल. कुणाचं दळण हाय हे? चौगुल्याचं? मग चाळून घ्या, खडं असणार." गुंडू हसून हसून मेला. मशिनवाल्यानं येऊन गुंडूलाच तीनदा दम भरला. अण्णासो सुतकी तोंडानं शेजारी उभे.

मी विचारलं, "आणि त्यांची पाळी?"

गुंडू म्हणाला, "अण्णा आत गेला आणि एकदम गप. मी माईकवर जायला बघितलं, पण मला बाहेर घालवलेलं. ऐकाय कुणी नसल्यावर बोलंल कुणाशी? मशिनवाला म्हणाला, एवढा निवांत माणूस आज दिवसात बघितला न्हाय."

बघ पोरी. जल्मात एकदा माणूस गप पडला. तेवढाच एक फोटो साफ आला. त्याचंच तोंड तुम्ही कापलं.

तिकडं तेवढ्यात शालूबाईनं फ्रेमचा हार काढून घेतला. म्हणाली, "माझा नवरा जित्ता असताना त्याच्या डोस्क्याला हार कोण घालतंय ते बघतो." फ्रेमबी न्यायला लागली. एका बाजूनं ती, एका बाजूनं नवरी. बौद्धाचार्य माईकवरनं म्हणाले, "मंडळी, वंदन नक्की कुणाला करायचं तेवढं ठरवा, दोन वाजता हॉल सोडायचाय."

मी म्हटलं, "गुंडूभावजी, बसा खुर्चीत. फ्रेम मांडीवर घ्या."

"मी हयात हाय वहिनी."

"म्हणूनच बसा. डोकं तुमचं हाय, त्यात हाललंय ते आमच्या माणसामुळं हाललंय. माझ्याकडं त्यांचं दुसरं काय न्हाय."

तो बसला. शालूबाईला पटलं, हार तिनं स्वतःच्या हातात धरला. संघप्रिया आणि प्रसेनजीतनं गुंडूच्या मांडीवर फुलं वाहिली. गुंडू सुतकी तोंड करून म्हणाला, "पोरी, सासरी पीठ जाडं पडलं तर पट्टा बघ." अण्णासोंचाच आवाज काढला त्यानं. अख्खा मंडप हसला, पोरगी रडता रडता हसली. नेमका तवाच फोटोवाल्यानं फोटो मारला. सगळे हललेले. तो म्हणाला, पुन्हा काढतो. मी म्हटलं, काय गरज न्हाय, हाच दे.

तर ती प्रतिमा काय दाखवती म्हणून तुझ्या गृहस्थानं विचारलं न्हवं? हे दाखवती. बोलणारा माणूस गेला, आवाज बी ऱ्हायला न्हाय, पण दुसऱ्याच्या डोक्यात तो कसा हलतो ते दिसतं. तुझ्या भाषेत घालून लिही. गुंडूनंबी वेगळं पत्र टाकलंय, माझं डोकं हाय, मी जित्ता हाय, ठेवा म्हणून.

मीनाबाई

*

पुणे
१ मार्च २०२५

मीनामावशी,

गुंडूकाकांचे पत्र मिळाले. ते म्हणतात ते खरे की खोटे, हे मी आजही सांगू शकत नाही. नियम. पण पत्र दारावर लावले आहे.

तुमचे उत्तर मी माझ्या भाषेत घालायला बसले. तीनदा लिहिले, तीनदा खोडले. शेवटी लिहिले की नव्याने शिकणाऱ्यांना हललेले डोके कसे दिसते हे दाखवायला एक नमुना लागतोच, आणि हसण्याने हललेला, शिवाय तशी नोंद असलेला नमुना आमच्याकडे हा एकच आहे. उदयसिंह सरांनी सही केली आणि चटणी पुन्हा कधी येणार ते विचारले. त्या गृहस्थालाही पटले.

काल नवी आवृत्ती बाहेर पडली. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदलले याची टीप जाते. ती आता जगभर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पोचली आहे. त्यातली एक ओळ तुमच्यासाठी उतरवून देते:

'क्र. ६३ ठेवला आहे. डोके हलते. कारण: बाहेर कोणीतरी बोलत होते. दुरुस्त करू नये.'

राजनंदिनी

*

उचगाव
५ मार्च २०२५

राजनंदिनी,

कार्ड लिहितोय, गिऱ्हाइकं ताटकळल्यात. तुझी ओळ गिरण बंद करून सगळ्यांना वाचून दाखवली. बाळासोनं दोनदा ऐकली. शालूबाई म्हणती, गुंडू जगभर गेलाय तर आता घरात ऐकत न्हाय.

चटणी कांडायला घेतलीया. तुझ्या सरांना सांग, दम काढा.

आता एकच. त्रेसष्ट ठेवलास, बरं केलंस. पण बाकीच्या शंभरातलं कुठलंतरी एक गप पडलेलं डोकं आमचं हाय. कुठलं ते तुला ठावं न्हाय आणि मलाबी न्हाय. म्हणून सगळीच नीट ठेव.

मीनाबाई